शिक्षामाफीची फाइल कशी मागावी आणि कशी वाचावी

ठाण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. शिक्षामाफीच्या बाबतीत माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. पहिली म्हणजे ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले आणि ज्यांना एके दिवशी कुणीतरी सांगते की, ‘तो सुटला, परवा बाजारात दिसला.’ दुसरी म्हणजे ज्यांचा भाऊ किंवा मुलगा पंधरा-सोळा वर्षे तळोजा किंवा ठाणे कारागृहात आहे, ज्याच्याबरोबरचे बंदी बाहेर आले आणि ज्याची फाइल कुठे अडली आहे हे सांगायला कुणी तयार नाही. एकाला सुटका का झाली हे हवे असते, तर दुसऱ्याला ती का होत नाही हे. तरीही दोघांना मागायचे असतात ते कागद तेच, दोघांनी लिहायचा अर्जही जवळपास तोच, आणि म्हणूनच पुढचे मार्गदर्शन दोघांसाठी एकत्रच लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. माफीच्या निर्णयाचा हिशेब मागणे म्हणजे माफीला विरोध करणे नव्हे. चौदा-सोळा वर्षे आत काढलेला माणूस बदललेला असू शकतो आणि त्याला बाहेर सोडण्याचा अधिकार शासनाकडे असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. प्रश्न इतकाच की तो अधिकार कोणत्या कागदांवर, कोणाच्या सहीने आणि कोणत्या कारणासाठी वापरला गेला हे पाहता आले पाहिजे. म्हणून अर्जात ‘अमुक माणसाला का सोडले?’ असा प्रश्न कधीही लिहू नये. माहिती अधिकारात अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयात असलेला कागद द्यायचा असतो, मत किंवा खुलासा नव्हे, आणि ‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असे एका ओळीचे उत्तर हमखास मिळते. फाइलच्या प्रत्येक टप्प्यावर एक कागद तयार होतो. तो कागद त्याच्या नावाने मागायचा.

माफी नेमकी कोणती?

बोलण्यात आपण सगळ्यालाच ‘माफी’ म्हणतो. कागदावर मात्र त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारागृहातच मिळणारी माफी: चांगली वर्तणूक आणि काम यांसाठी महाराष्ट्र कारागृह (माफी पद्धती) नियम, १९६२ नुसार शिक्षेतून काही दिवस वजा होतात. अभिनेते संजय दत्त फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून मुदतीआधी बाहेर आले ते या जातीच्या माफीमुळे. दुसरी राज्य शासनाची: पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ व ४३३ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ व ४७४ खाली शासन शिक्षा कमी किंवा सौम्य करू शकते. कारागृहात ‘मुदतपूर्व सुटका’ किंवा नुसते ‘चौदा वर्षांचे प्रकरण’ म्हणतात ते हेच. तिसरी घटनेतील: अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांची आणि अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींची. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे आपल्या बोलण्यातले फर्लो आणि पॅरोल, या माफी नव्हेतच. माणूस बाजारात दिसला तर आधी तो रजेवर आहे का हे पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. जन्मठेपेच्या ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, अशा प्रकरणात शासनाला कायद्याखालची सुटका चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगवास झाल्याशिवाय देता येत नाही, आणि त्या चौदा वर्षांत कारागृहाने दिलेले माफीचे दिवस धरायचे नसतात. जुन्या संहितेचे कलम ४३३-क आणि नव्या संहितेचे कलम ४७५ हेच सांगते. अनुच्छेद १६१ खालच्या अधिकाराला मात्र हे चौदा वर्षांचे बंधन नाही. तेव्हा दहाव्या वर्षी कुणी सुटले असेल तर आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात कोणता अनुच्छेद किंवा कोणते कलम लिहिले आहे, हे सर्वांत आधी वाचावे. राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात, स्वतःच्या मर्जीने नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. मुंबईपुरते बोलायचे तर हा वाद त्याहून जुना आहे: १९६० मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांची जन्मठेप राज्यपालांनी स्थगित केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना ती स्थगिती लागू राहू शकत नाही, असे त्या न्यायालयाला सांगावे लागले होते.

आणखी एक कागद आधीच पाहून घ्यावा, तो म्हणजे निकालपत्र. काही प्रकरणांत वरिष्ठ न्यायालय जन्मठेप देतानाच वीस, पंचवीस किंवा तीस वर्षे माफी न देण्याची अट घालते. अशी अट असेल तर शासनाच्या धोरणात काहीही लिहिलेले असले तरी त्याआधी कायद्याखालची मुदतपूर्व सुटका होऊ शकत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला तिथे मिळणारा ओळख क्रमांक) किंवा पक्षकाराचे नाव घालून निकाल बऱ्याचदा सापडतो. जुन्या निकालांसाठी न्यायालयातून नक्कल काढावी लागते.

निर्णय कोणत्या सरकारचा?

बंदी कुठे आहे यावर हे ठरत नाही; शिक्षा कुठे झाली यावर ठरते. ज्या राज्यातील न्यायालयाने शिक्षा दिली, त्या राज्याचे शासन हे ‘समुचित शासन’. ही साधी वाटणारी ओळ किती महत्त्वाची आहे, ते बिल्किस बानो प्रकरणात सगळ्या देशाने पाहिले. गुन्हा गुजरातेतला, बंदी गोध्रा उपकारागृहात. पण खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महाराष्ट्रात वर्ग झालेला आणि जानेवारी २००८ मधील शिक्षा मुंबईच्या विशेष न्यायालयाने दिलेली. गुजरात शासनाने १५ ऑगस्ट २०२२ रोजी अकरा जणांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ते आदेश रद्द केले, कारण निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. अकराही जणांना दोन आठवड्यांत पुन्हा कारागृहात हजर व्हावे लागले. याच फाइलमध्ये शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या विशेष न्यायालयाचा आणि सीबीआयचा अभिप्राय सुटकेच्या विरोधात होता, तर गोध्र्याच्या कारागृह सल्लागार समितीचा बाजूने. एकाच फाइलमध्ये दोन दिशांचे कागद असतात आणि आदेशात त्यांतला एकच उतरतो, तेव्हा नागरिकाने विचारायची जागा तीच असते.

सीबीआयने तपास केलेली प्रकरणे आणखी वेगळी आहेत. तिथे राज्य शासन एकट्याने ठरवू शकत नाही. केंद्राची सहमती लागते. जुन्या कलमात शब्द ‘विचारविनिमय’ असा होता, पण त्याचा अर्थ सहमती असाच घ्यायचा, हे व्ही. श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने २ डिसेंबर २०१५ रोजी ठरवले. अशा प्रकरणात केंद्राचे सहमतीचे पत्र हा मागण्याच्या यादीतला स्वतंत्र कागद ठरतो.

आपल्या भागातल्या लोकांची एक गल्लत नेहमी होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ही नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर-तळोजा मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. तळोजा मध्यवर्ती कारागृहाविषयी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला तर तो फिरत राहतो. वास्तविक माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयाने पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पण आपणच नीट पत्ता लिहिला तर ते पाच दिवस आणि पुढचे पंधरा वाचतात. गुन्हा ज्या पोलीस ठाण्यात नोंदला गेला तिथले पोलीस आणि तिथले जिल्हाधिकारी अभिप्राय देतात, हे लक्षात ठेवावे. कारागृह कोणत्या जिल्ह्यात आहे याचा त्या अभिप्रायाशी संबंध नसतो.

कागदांची साखळी

मुदतपूर्व सुटकेचे प्रकरण साधारणपणे असे जाते. कारागृह अधीक्षक बंद्याची नामिकावली तयार करतात. नामिकावली म्हणजे शिक्षा कधी लागली, किती प्रत्यक्ष भोगली, किती दिवस माफी मिळाली, रजेवर गेल्यावर वेळेवर परतला का, कारागृहात शिक्षा झाली का, याचा एका जागी मांडलेला हिशेब. तिच्यासोबत पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशांचे मत जोडले जाते. सल्लागार मंडळाची शिफारस होते. तेथून प्रस्ताव पुण्याला कारागृह व सुधारसेवा मुख्यालयात आणि तिथून मंत्रालयात गृह विभागाकडे जातो. शासनाच्या १५ मार्च २०१० च्या मार्गदर्शक सूचनांसारख्या धोरणांत गुन्ह्याचे प्रवर्ग पाडून प्रत्येक प्रवर्गाला किती वर्षे हे ठरवलेले आहे. गृह विभाग बंद्याला त्यांपैकी एका प्रवर्गात बसवतो आणि आदेश काढतो. खरा निर्णय बहुतेक वेळा या प्रवर्ग ठरवण्यातच झालेला असतो. भांडणातून झालेला खून आणि क्रूरपणे केलेला खून यांच्या प्रवर्गांत काही वर्षांचे अंतर असते, आणि कोणता प्रवर्ग हे टिपणी लिहिणाऱ्याच्या एका वाक्यावर ठरते. म्हणून टिपणी भाग, म्हणजे अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेली मते आणि शेरे, मागायला कधीही विसरू नये.

कोणते धोरण लावायचे, हाही वादाचा मुद्दा होतो. शिक्षा झाली त्या दिवशी लागू असलेले धोरण लावायचे, आणि नंतरचे धोरण बंद्याला अधिक सोयीचे असेल तर ते, हे जगदीश प्रकरणात २०१० मध्ये ठरले आहे.

पीठासीन न्यायाधीशांचे मत हा साखळीतला सर्वांत वजनदार कागद. ते घेणे बंधनकारक आहे असे श्रीहरन प्रकरणात ठरले, आणि त्या मतात कारणे असली पाहिजेत, नुसते ‘सोडू नये’ असे लिहून भागणार नाही, असे २०२२ मध्ये राम चंदर प्रकरणात. काय पाहायचे याची मोजपट्टी लक्ष्मण नस्कर प्रकरणात २००० मध्ये दिलेली आहे: गुन्ह्याचा समाजावर व्यापक परिणाम होतो का, तो पुन्हा घडण्याचा संभव आहे का, बंद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवून आता काही साध्य होणार आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे. हे पाच मुद्दे कागदावर लिहून जवळ ठेवावेत. पुढे फाइल वाचताना उपयोगी पडतात.

अर्ज कसा लिहावा

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. ठाण्यात तो कोर्टनाक्यावर मिळतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला तर शुल्क लागत नाही. मंत्रालयातील विभागांसाठी शासनाच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. मी स्वतः एकाच मजकुराचे दोन अर्ज करतो: एक गृह विभागाला आणि एक कारागृहाला. दोन ठिकाणांहून आलेल्या एकाच कागदाच्या प्रती ताडून पाहिल्या की एका ठिकाणी गाळलेले पान दुसऱ्या ठिकाणी सापडते.

मजकूर साधारण असा असावा (नस्ती म्हणजे फाइल):

‘सत्र खटला क्रमांक ____ मध्ये ____ न्यायालयाने दिनांक ____ रोजी जन्मठेप दिलेल्या बंद्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या नस्तीतील पुढील कागदांच्या प्रती मिळाव्यात. कारागृह अधीक्षकांचा प्रस्ताव व नामिकावली. पोलीस, जिल्हाधिकारी आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे पीठासीन न्यायाधीश यांचे अभिप्राय. सल्लागार मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त. प्रवर्ग निश्चित करणारी टिपणी. लागू केलेला शासन निर्णय. अंतिम आदेश व त्यातील अटी. या सर्व कागदांच्या आवक-जावक नोंदी. निर्णय झाला नसल्यास नस्ती सध्या कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे ती नोंद मिळावी. जो मजकूर उघड करता येत नाही तो कलम १० प्रमाणे वगळून उर्वरित द्यावा. प्रती घेण्यापूर्वी नस्तीचे निरीक्षण करू द्यावे.’

या मजकुरात बंद्याचे नाव नाही, हे मुद्दाम केलेले आहे. खटला क्रमांकावरून फाइल सापडते, आणि नाव नसल्याने ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणून अर्ज दारातच परतवायला एक निमित्त कमी होते. शेवटून तिसरे वाक्य दुसऱ्या तऱ्हेच्या अर्जदारांसाठी, म्हणजे ज्यांच्या माणसाची फाइल अडली आहे त्यांच्यासाठी. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे हे लेखी विचारले की ती पुष्कळदा हलते. निरीक्षणाची मागणी मी कधीच सोडत नाही. झेरॉक्सच्या दोन रुपये पानाच्या गठ्ठ्यात हरवणारी गोष्ट मूळ फाइल हातात घेतल्यावर लगेच दिसते.

नकार आला तर

एका कार्यालयाकडून मला आलेले उत्तर पाव पान भरत नव्हते: ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही.’ खाली सही आणि जावक क्रमांक, बस. कलम ११ खाली त्रयस्थाला नोटीस काढल्याचा उल्लेख नाही, अपील कुणाकडे करायचे हे नाही. वास्तविक नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तिन्ही कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या अपिलाच्या सुनावणीला मी कायद्याची छापील पुस्तिका घेऊन गेलो आणि एवढेच म्हणालो की त्रयस्थाला विचारायचे असते, त्याच्या नावावर परस्पर नकार द्यायचा नसतो. तीन आठवड्यांनी नावे आणि पत्ते काळे केलेल्या एकोणीस पानांच्या प्रती मिळाल्या, आणि मला त्या काळ्या केलेल्या ओळींची गरजही नव्हती.

असे नकार आपल्यालाच येतात असे नाही. राजीव गांधी हत्या खटल्यातील ए. जी. पेरारिवलन यांनी स्वतः तुरुंगात असताना संजय दत्त यांच्या सुटकेची माहिती येरवडा कारागृहाकडे मागितली होती. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने २०२० मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

नकारात बहुधा तीन कलमे येतात. पहिले ८(१)(झ), मंत्रिमंडळाचे कागद. त्याच कलमाच्या परंतुकात लिहिले आहे की निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि ज्या सामग्रीवर तो आधारला ती जाहीर करायची. याच्या जोडीला घटनेचा अनुच्छेद १६३(३) पुढे केला जातो: मंत्र्यांनी राज्यपालांना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयात करता येत नाही. त्यावर उत्तर असे की आपण सल्ला मागतच नाही, अभिप्राय आणि अहवाल मागतो. सल्ला संरक्षित असला तरी ज्या सामग्रीवर तो आधारला ती सामग्री संरक्षित नाही, हे राष्ट्रपतींना दिलेल्या सल्ल्याच्या संदर्भात बोम्मई निकालात १९९४ मध्ये सांगितले गेले आहे.

दुसरे कलम ८(१)(ञ), व्यक्तिगत माहिती, आणि इथे आता वाट बिकट झाली आहे. पूर्वी या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे पाहावे लागे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्या सगळ्या अटी गळून नुसते ‘व्यक्तिगत माहिती’ एवढेच उरले. माझ्या मते माहिती अधिकाराला गेल्या काही वर्षांत बसलेला हा सर्वांत मोठा फटका आहे. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: उघड करण्यातले जनहित नुकसानीपेक्षा मोठे असेल तर कोणतीही माहिती देता येते. म्हणून अपिलात जनहित कोणते, हे दोन-तीन ठोस वाक्यांत लिहावे. पीडिताचे किंवा बंद्याचे नातेवाईक असाल तर त्याहून भक्कम आधार कलम ४(१)(घ) चा: प्रशासकीय निर्णयाने बाधित झालेल्या माणसाला त्याची कारणे देणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे, मागितले नसते तरीही.

तिसरे ८(१)(छ), साक्षीदाराच्या किंवा माहिती देणाऱ्याच्या जिवाला धोका. हे कारण कधीकधी खरे असते. पोलीस अहवालात शेजाऱ्यांनी नाव देऊन भीती व्यक्त केलेली असते. ती नावे मिळू नयेत हेच योग्य. कलम १० त्यासाठीच आहे.

मुदती थोडक्यात: उत्तर तीस दिवसांत, पहिले अपील त्यानंतर तीस दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह जोडपत्र ‘ब’ मध्ये, त्यावरचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत, दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. ठाणे-रायगडमधील कार्यालयांसाठी आयोगाचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनात बसते. मंत्रालयातील विभागांविरुद्धचे अपील मुंबईत. विनाकारण उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगापुढे तो मागावा, नाहीतर आपणहून क्वचितच लागतो.

फाइल वाचताना

कागद हाती आले की आधी मजकूर वाचू नये. कोरा कागद घेऊन त्यावर फक्त तारखा उतरवाव्यात: प्रस्तावाची, प्रत्येक अभिप्रायाची, मंडळाच्या बैठकीची, टिपणीवरील प्रत्येक सहीची आणि आदेशाची. समजा, मंडळाची बैठक ४ जूनला झाली आणि न्यायाधीशांचे मत ११ जूनला आवक झाले. तर मंडळाने ते मत न पाहताच शिफारस केली. समजा, आठ महिने शांत पडलेल्या फाइलवर तीन दिवसांत सहा सह्या झाल्या. तर त्या तीन दिवसांच्या आधी आवक नोंदवहीत कुणाचे पत्र आले आहे ते पाहावे. लोकप्रतिनिधीने पत्र देणे बेकायदा नाही, पण ते पत्र फाइलमध्ये असले पाहिजे आणि त्याच्यावर काय विचार झाला तेही.

मग मजकूर. ते पाच मुद्दे समोर ठेवून टिपणीत प्रत्येकाला काही उत्तर आहे का, हे शोधावे. ‘प्रकरण तपासले असता नामंजूर करण्यात यावे’ हे कारण नव्हे, आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढेच लिहून केलेली सुटकाही कारणाविनाच म्हणायची. आदेशात गैरसोयीच्या कागदाचा उल्लेख गाळला आहे का, हे सर्वांत महत्त्वाचे. स्वर्ण सिंग प्रकरणात १९९८ मध्ये एका माजी आमदाराची माफी रद्द झाली, कारण त्याच्यावरील इतर गुन्ह्यांची माहिती राज्यपालांपुढे ठेवलीच नव्हती. एपुरु सुधाकर प्रकरणात २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील माफी रद्द झाली. तिथे तर अहवालात बंदी हा सत्ताधारी पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याची नोंद होती. जात, धर्म किंवा राजकीय निष्ठा यांवर माफी देता येणार नाही, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. विचार न करता, वाईट हेतूने, असंबद्ध कारणांवर किंवा महत्त्वाचा कागद बाजूला ठेवून घेतलेला माफीचा निर्णय न्यायालय तपासू शकते. आपली तारखांची यादी यांपैकी कशात बसते, ते वकिलाला दाखवावे.

फाइल पुढेच सरकत नसेल तर तोही निर्णयच मानावा. पेरारिवलन यांच्या बाबतीत तमिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये केलेली शिफारस राज्यपालांनी अडीच वर्षे ठेवून नंतर राष्ट्रपतींकडे पाठवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थेट सुटका केली. आपल्या राज्यात रेणुका शिंदे व सीमा गावित यांची फाशी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जांवर सात वर्षांहून अधिक काळ गेला होता. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी खून प्रकरणातही उशिरामुळेच फाशी गेली, आणि तो निर्णय कायम करताना ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष स्थापावा, असे सांगितले. फाशीची शिक्षा टळली याचे कुणाला दुःख असो वा समाधान. पण ती एखाद्या न्यायाधीशाने विचारपूर्वक टाळली नाही, टेबलावरच्या धुळीने टाळली, ही गोष्ट पीडित कुटुंबाला समजावून सांगणे फार अवघड जाते. त्या कक्षाच्या स्थापनेचा आदेश आणि प्रभारी अधिकाऱ्याचे पदनाम, ही माहिती अगदी साध्या अर्जात मागता येते.

विधी सेवा प्राधिकरण आणि न्यायालय

१८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, त्या अजून पुष्कळांना ठाऊक नाहीत. धोरणात बसणाऱ्या बंद्याने अर्ज केला नसला तरी शासनाने त्याचा विचार करायचा. आणि मंजुरी असो वा नामंजुरी, थोडक्यात का होईना कारणे लिहून आदेशाची प्रत बंद्याला व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची. म्हणजे कागद मिळण्याचे आणखी एक ठिकाण तयार झाले. ठाण्याचे प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तळोजासाठी अलिबागचे, रायगड जिल्ह्याचे. कोठडीतील माणूस, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करायची ती बाधित व्यक्तीने स्वतः करावी. बिल्किस प्रकरणात इतरांच्या जनहित याचिकाही होत्या, पण निर्णय झाला तो त्यांच्या स्वतःच्या याचिकेवर.

मिळालेले कागद इंटरनेटवर टाकण्याआधी थांबावे. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तो कागद शासनाने दिला होता हा बचाव चालत नाही. सुटलेल्या माणसाचा पत्ताही काळा करावा. आपला प्रश्न सोडणाऱ्यांना आहे, त्याच्या मुलाबाळांना नाही.

अर्ज हातोहात दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तर टपालाने आले तर पाकीट फाडून फेकू नये. ते उत्तराला टाचणीने लावून ठेवावे. पत्रावर तारीख बऱ्याचदा जुनी असते आणि पाकिटावरच्या शिक्क्यावर खरी, आणि अपिलाचे तीस दिवस पत्र आपल्या हाती पडल्यापासून मोजायचे असतात.